जागा विचारू नका, गरज विचारा : ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
प्लॅटफॉर्म सॉफ्टवेअर विभागप्रमुख,
चिप उत्पादक व बोर्ड पुरवठादार कंपन्या

विषय : हार्डवेअर ड्रायव्हरना मेमरी देणाऱ्या फंक्शनांच्या रचनेबाबत

महोदय / महोदया,

आम्ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात उपकरणांचे ड्रायव्हर लिहून पोट भरणारी माणसे आहोत. कॅमेरा, नेटवर्क कार्ड, गाडीतला डिस्प्ले, कारखान्यातला सेन्सर, यांतले काहीही ग्राहकाकडे बंद पडले की फोन आम्हाला येतो. हे मागणीपत्र पगाराचे नाही. कामाच्या तासांचेही नाही, पण तास का वाढतात याचे एक मोठे कारण त्यात आहे. ड्रायव्हरने मेमरी कशी मागायची, ती मिळाली नाही तर काय होते आणि मिळाली तर कोणत्या क्षणी ती कोणाची, या प्रश्नांची उत्तरे आज बोर्डागणिक बदलतात. ती बदलू नयेत, एवढेच आमचे म्हणणे आहे. मात्र एवढ्यावर थांबलो तर पत्रावर 'विचाराधीन' असा शेरा पडेल, याची कल्पना असल्याने कारणांसह लिहीत आहोत.

सगळ्या मागण्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला उपकरण ठाऊक असते, मशीन ठाऊक नसते. किती बाइट हवेत, त्यात प्रोसेसर लिहिणार की उपकरण, किती वेळ ते वापरात राहणार, वाट पाहायला सवड आहे की नाही, हे आम्ही नेमके सांगू शकतो. ते बाइट रॅमच्या कोणत्या भागातून द्यायचे, हे सांगता येते ते ज्याने बस जोडली, पत्त्याच्या तारा मोजल्या आणि कॅश कुठे बसवली त्यालाच. आज व्यवहार उलटा चालतो. फंक्शन आम्हाला जागा विचारते आणि गरजेबद्दल अवाक्षर काढत नाही.

याचा सर्वांत जुना नमुना म्हणजे लिनक्स कर्नलमधला जीएफपी-डीएमए हा फ्लॅग. पहिल्या पीसीतला डीएमए कंट्रोलर इंटेलचा ८२३७. त्याचा पत्त्याचा काउंटर १६ बिटांचा, आणि वरचे बिट बाहेरच्या पेज रजिस्टरमध्ये. आयसा बसवर सगळे मिळून २४ बिट, म्हणजे १६ एमबी. काउंटर भरला की हातचा पेज रजिस्टरमध्ये जात नाही, त्यामुळे बफरने ६४ केबीची सीमा ओलांडायची नाही हे पथ्य वेगळेच. फ्लॉपीच्या ड्रायव्हरला म्हणून १६ एमबीच्या खालची मेमरी लागे आणि ती मागण्यासाठी हा फ्लॅग आला. इथवर तक्रार नाही. पुढे तोच फ्लॅग दुसऱ्या प्रोसेसरांवर गेला आणि दर ठिकाणी त्याचा अर्थ बदलला. आयबीएमच्या मेनफ्रेमवर तो २ जीबीच्या खालची मेमरी देतो, इटॅनियमवर ४ जीबीच्या खालची. ड्रायव्हरमधली ओळ तीच. ती लिहिणाऱ्याच्या मनात कोणता आकडा होता, हे दहा वर्षांनी कोड वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

अलीकडचे उदाहरण सगळ्यांच्या टेबलावर असलेल्या बोर्डाचे आहे. रास्पबेरी पाय ४ जून २०१९ मध्ये आला आणि त्या मालिकेत पहिल्यांदाच ४ जीबी रॅमचा पर्याय मिळाला. पण त्याच्या बीसीएम२७११ चिपमधल्या अनेक जुन्या उपकरणांना पहिल्या १ जीबीपलीकडचे दिसतच नाही. पीसीआय एक्सप्रेसचा भाग वेगळा आणि चिपच्या सुरुवातीच्या आवृत्तीत त्याची मर्यादाही वेगळी : पहिले ३ जीबी. यूएसबी कंट्रोलर त्याच पीसीआय एक्सप्रेसवर टांगलेला. म्हणजे क्रेडिट कार्डाच्या आकाराच्या एका बोर्डावर दोन निरनिराळ्या सीमा. ६४ बिटी आर्मच्या कर्नलमध्ये तोवर ३२ बिटांचा, म्हणजे ४ जीबीचाच एक झोन होता. त्या हिशेबाने सगळी रॅम 'सुरक्षित' ठरत होती आणि प्रत्यक्षात तिच्यातला पाऊण भाग कित्येक उपकरणांच्या आवाक्याबाहेर होता. जानेवारी २०२० मधल्या लिनक्स ५.५ मध्ये १ जीबीचा झोन वेगळा काढला गेला, तेव्हा हे मार्गी लागले. ज्या ड्रायव्हरांनी उपकरणाचा पॉइंटर देऊन डीएमएची मेमरी मागितली होती, त्यांना आपल्या कोडमध्ये १ जीबीचा उल्लेखही करावा लागला नाही. मर्यादा डिव्हाइस ट्रीमध्ये, बसच्या वर्णनात लिहिलेली होती. तिची जागा तीच.

म्हणून पहिली मागणी : आपल्या बोर्ड सपोर्ट पॅकेजमध्ये, नमुना कोडमध्ये आणि ॲप्लिकेशन नोटमध्ये झोनचे नाव घेऊन मेमरी मागणारी एकही ओळ असू नये. प्रत्येक बसची खरी पोहोच डिव्हाइस ट्रीमध्ये लिहावी, सिलिकॉनच्या आवृत्तीनुसार लिहावी आणि ती चुकीची निघाली तर त्याला हार्डवेअरचा दोष म्हणून इराटात जागा मिळावी. आज ती चूक 'ड्रायव्हर इश्यू' म्हणून आमच्या नावावर चढते. ही मागणी नवी किंवा क्रांतिकारक आहे असा आमचा दावा नाही. नेटबीएसडीने बस-डीएमए नावाची व्यवस्था १९९८ मध्येच दिली. जेसन थॉर्प यांच्या त्या रचनेत बंधने एका टॅगमध्ये राहतात, टॅग बसकडून येतो, ड्रायव्हर फक्त मॅप आणि सिंक एवढेच म्हणतो. एकच ड्रायव्हर पीसीवर आणि अल्फावर चालावा म्हणून ती केली होती. जी गोष्ट तेव्हा जमली ती आज का जमू नये?

आता सलग मेमरी. यावर जास्त लिहावे लागेल, कारण आमच्या सभासदांच्या सर्वांत जास्त रात्री इथेच जातात.

हिशेब मांडू. १९२० गुणिले १०८० ची एक फ्रेम, एनव्ही१२ प्रकारात पिक्सेलमागे दीड बाइट, म्हणजे ३१,१०,४०० बाइट. ४ केबीच्या पानांत ७६० पाने. कर्नलचा बडी ॲलोकेटर दोनाच्या पटीतले तुकडे सांभाळतो, तेव्हा ७६० पानांसाठी १,०२४ सलग पानांचा, ४ एमबीचा तुकडा शोधावा लागतो. नेहमीच्या रचनेत त्याच्याकडचा सर्वांत मोठा तुकडा तोच. फोर-के फ्रेम १,२४,४१,६०० बाइटची. ती या वाटेने मिळणारच नाही, मशीन नुकतेच सुरू झालेले असले तरी.

बोर्ड चालू केल्या केल्या बडीइन्फो ही फाइल उघडून पाहा. प्रत्येक झोनसमोर अकरा आकडे दिसतात. डाव्या टोकाला सुट्या पानांची संख्या, उजव्या टोकाला ४ एमबीच्या तुकड्यांची. सुरुवातीला उजवा आकडा भरघोस असतो. मशीन काही दिवस चालू द्या, लॉग लिहिले जाऊ द्या, नेटवर्कवरून फाइली येऊ-जाऊ द्या. मग डावीकडचे आकडे फुगत जातात आणि उजवीकडून एकेक शून्य आत सरकत येते. एकूण मोकळी मेमरी पाहिली तर पुष्कळ. कॅमेरा बंद करून पुन्हा उघडला की मात्र लॉगमध्ये ओळ पडते : पेज ॲलोकेशन फेल्युअर, ऑर्डर १०. आमच्या टेबलावर बोर्ड दिवसातून कितीदा तरी रीबूट होतो, त्यामुळे तिथे हे दिसत नाही. ते दिसते कारखान्यात, जिथे तपासणीचा कॅमेरा महिनोन्महिने बंद करायचा नसतो आणि एखाद्या दिवशी कुणीतरी तो पुसण्यासाठी बंद करतो.

यावर आपल्यापैकी बहुतेकांनी काढलेला तोडगा म्हणजे बूटच्या वेळीच मेमरी कापून बाजूला ठेवणे. १ जीबीच्या बोर्डावर २५६ एमबी कॅमेऱ्यासाठी राखली की चौथा हिस्सा गेला, कॅमेरा चालू असो वा नसो. वर्षातून चार लग्ने होतात म्हणून हॉलला बाकीचे दिवस कुलूप लावून ठेवण्यातलाच हा प्रकार. सॅमसंगमधल्या अभियंत्यांनी लिहिलेला सीएमए २०१२ साली लिनक्स ३.५ मध्ये आला तो हेच टाळण्यासाठी : राखीव भागात एरवी हलवता येतील अशीच पाने बसू द्यायची आणि उपकरणाने मागितले की त्यांना उठवून जागा सलग करून द्यायची. कल्पना उत्तम. पण पाने उठवायला वेळ लागतो, किती लागेल ते आधी सांगता येत नाही, आणि त्यांतले एखादे पान कुणी खिळवून ठेवले असेल तर सगळी मागणीच फसते. हे आपल्या कागदपत्रांत आम्हाला कुठेही वाचायला मिळालेले नाही. तिथे सीएमएच्या आकाराचा एक आकडा असतो, आणि तो कुठून आला हे विचारले की उत्तर येते, मागच्या बोर्डावरून.

त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे घरचे ॲलोकेटर. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात जवळपास प्रत्येक चिप उत्पादकाचा आपला वेगळा होता. २०११ च्या अखेरीस गूगलने आयन आणला तो या सगळ्यांच्या जागी एकच असावा म्हणून. त्यातही हीपचे क्रमांक आणि मास्क चिपनुसार बदलत राहिले, म्हणजे जागा विचारण्याची खोड गेली नाही. आता ती ड्रायव्हरच्याही वर, ॲपच्या बाजूच्या लायब्ररीला विचारली जाऊ लागली. आयन कर्नलच्या स्टेजिंग विभागात वर्षानुवर्षे पडून राहिला आणि २०२१ च्या ५.११ मध्ये काढून टाकला गेला. दरम्यान २०१२ मध्ये आलेल्या डीएमए-बफने बफर वाटून घेण्याचा प्रश्न वेगळा काढून सोडवला होता (सुमित सेमवाल यांचे हे काम भारतातल्या अभियंत्यांनी अभिमानाने सांगावे असे आहे), आणि २०२० च्या ५.६ मध्ये डीएमए-बफ हीप आल्यावर ॲलोकेशनलाही सरळ वाट झाली. तरीही आमच्या हातात येणाऱ्या कितीतरी पॅकेजांत आयनच्या काळातला कोड आजही नाव बदलून नांदतो आहे.

तेव्हा दुसरी मागणी अशी. एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे बफर जाताना तो डीएमए-बफ म्हणूनच जावा, खासगी हँडल नको आणि भौतिक पत्ता तर मुळीच नको. कायमची कापलेली मेमरी फक्त तिथेच, जिथे फर्मवेअर किंवा सुरक्षित भागाला ती खरोखर स्थिर लागते, आणि तिथेही कारण डिव्हाइस ट्रीतच टिपेत लिहिलेले असावे. सीएमएचा आकार कोणकोणती उपकरणे एकाच वेळी चालतील असे धरून काढला, तो हिशेब पॅकेजसोबत द्यावा. एका पानाचा कागद पुरेल. आणि पुढच्या सिलिकॉनमध्ये कॅमेरा, डिस्प्ले आणि व्हिडिओ डिकोडर या तिघांच्या पुढे आयओएमएमयू असावाच, म्हणजे विखुरलेली पाने उपकरणाला सलग दिसतील आणि वरचा सगळा परिच्छेद लिहायची वेळ येणार नाही.

कॅशविषयीच्या मागणीला सिलिकॉन बदलावे लागत नाही. एक साधा स्ट्रक्चर घ्या. त्यात सेन्सरचे वाचन घेण्यासाठी १६ बाइटचा बफर आणि त्याला लागूनच किती वाचने झाली याचा काउंटर. दोन्ही ६४ बाइटच्या एकाच कॅश लाइनमध्ये. उपकरण रॅममध्ये नवे वाचन लिहीत असताना प्रोसेसरने काउंटर एकाने वाढवला. ती लाइन आता कॅशमध्ये मळली. ती रॅमकडे परत लिहिली गेली तर उपकरणाने नुकतेच लिहिलेले वाचन जुन्या बाइटांनी पुसले जाते. डीएमए संपल्यावर ड्रायव्हरने ती लाइन रद्द केली तर वाचन वाचते, काउंटरची वाढ हरवते. काहीही झाले तरी कंपायलर गप्प, लॉग कोरा, आणि पीसीवर, जिथे कॅश हार्डवेअरच जुळवून घेते, सगळे ठाकठीक. आर्मच्या बोर्डावर कधीमधी तापमान एकदम जुने दिसते आणि ग्राहक सेन्सर बदलून मागतो.

६४ बिटी आर्मवर या धोक्यापायी केमॅलॉक फंक्शन ८ बाइट मागितले तरी १२८ बाइट देत असे. २०२३ च्या ६.५ कर्नलपासून लहान तुकडे मिळू लागले आणि गैरसोयीच्या मापाचा बफर डीएमएला दिला तर मधे वेगळा बफर घेऊन नक्कल केली जाते. मेमरी वाचली, फार चांगले झाले. पण स्ट्रक्चरच्या पोटात बसवलेला बफर यातूनही निसटतो, कारण ॲलोकेटरला स्ट्रक्चर दिसतो, त्याच्या आतले दिसत नाही.

तिसरी मागणी, म्हणून, ही की ताबा फंक्शनच्या सिग्नेचरमध्येच दिसावा. बफर उपकरणाच्या हवाली केला, परत घेतला, दिशा कोणती. आणि हवाली केलेला असताना प्रोसेसरने त्याला हात लावला तर निदान टेस्टिंगच्या बिल्डमध्ये आरडाओरडा व्हावा. कर्नलमध्ये डीएमए एपीआयच्या तपासणीची सोय २००९ पासून आहे. ती चालू करून आपले स्वतःचे ड्रायव्हर एकदा चालवून पाहावेत, अशी नम्र सूचना. रस्टमध्ये लिहिलेले ड्रायव्हर येऊ लागले आहेत, तिथे ताब्याचा नियम भाषेच्याच गळ्यात घालता येईल, पण आमचे बहुतेक काम पुढची कित्येक वर्षे सीमध्येच चालणार आहे. सी मधल्या वाटा बुजवून टाकायला तोवर थांबू नये.

नकाराबद्दलही बोलले पाहिजे. मेमरी मागणाऱ्या फंक्शनने नकार कसा आणि केव्हा द्यावा, हा रचनेतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. इंटरप्टमध्ये असलेल्या ड्रायव्हरला झोपून वाट पाहता येत नाही, म्हणून त्याला राखीव साठ्यातून झटपट मिळावे यासाठी जीएफपी-ॲटॉमिक आहे. जिथे सवड आहे तिथे जीएफपी-कर्नल. फरक साधा, पण तो लपवला की काय होते ते पीसीआयच्या जुन्या फंक्शनने दाखवून दिले. पीसीआय-अलॉक-कन्सिस्टंट या फंक्शनला फ्लॅग घेण्याची सोयच नव्हती. आत ते कायम ॲटॉमिक मागणी करायचे. ड्रायव्हर सुरू होताना, निवांत वेळीसुद्धा, शेकडो ड्रायव्हर विनाकारण आणीबाणीच्या साठ्याला हात घालत होते, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊकही नव्हते. ते शेवटी २०२२ मध्ये कर्नलमधून गेले. आपल्या वेष्टन-फंक्शनांमध्ये असे पुष्कळ लपलेले आहे. आम्ही उघडून पाहिले आहे.

दुसऱ्या टोकाला आणखी एक गंमत. जीएफपी-कर्नलने मागितलेली आठ पानांपर्यंतची, म्हणजे ३२ केबीपर्यंतची मागणी कर्नल सहसा नाकारतच नाही. फिरून फिरून प्रयत्न करतो, वेळ पडली तर एखादी प्रोसेस मारतो. त्यामुळे ड्रायव्हरमधला एरर पाथ वर्षानुवर्षे एकदाही चालत नाही. आणि ज्या दिवशी चालतो त्या दिवशी, अर्धवट नोंदलेला इंटरप्ट मागे ठेवून, कर्नलसकट कोसळतो. मुद्दाम मेमरी नाकारून पाहण्याची सोय कर्नलमध्ये २००७ पासून आहे.

चौथी मागणी : कोणत्याही वेष्टन-फंक्शनने फ्लॅग गिळू नये, तो मागणाऱ्याकडून घ्यावा. प्रत्येक फंक्शनच्या टिपेत तीन गोष्टी असाव्यात : ते झोपू शकते का, नाकारू शकते का, आणि मध्यावर नाकारले तर आधीचे कोण परत करतो. आपण देत असलेला प्रत्येक ड्रायव्हर प्रोबच्या प्रत्येक पायरीवर नकार देऊन तपासलेला असावा. हा निकाल मिळेपर्यंत आमच्याकडून 'ड्रायव्हर प्रॉडक्शन रेडी' अशी सही मागू नये.

मेमरीच्या आयुष्याचा प्रश्न याला जोडूनच येतो. डेव्हएम या उपसर्गाच्या फंक्शनांनी, २००७ मध्ये तेजुन हो यांनी आणलेल्या व्यवस्थेने, ड्रायव्हर सुटला की मेमरी आपोआप परत करण्याची सोय झाली आणि हजारो एरर पाथ सरळ झाले. सोय मोठी, सापळाही त्यातच. यूएसबी कॅमेरा ॲप चालू असताना उपटला तर ड्रायव्हर सुटतो, मेमरी परत जाते, पण ॲपच्या हातात फाइल उघडी असते आणि तिच्यामागचा स्ट्रक्चर केव्हाच दुसऱ्याचा झालेला असतो. मेमरीचे आयुष्य हार्डवेअरला बांधायचे की उघड्या फाइलीला, याची निवड मागतानाच करता आली पाहिजे. ग्राफिक्सच्या डीआरएम उपप्रणालीने २०२० मध्ये आपल्यापुरती अशी वेगळी फंक्शने केली. आपल्या कॅमेरा आणि ऑडिओच्या चौकटींतही ती हवीत. ही पाचवी मागणी. लांबण लावत नाही.

काही किरकोळ वाटणाऱ्या पण किरकोळ नसलेल्या गोष्टी एकत्र सांगतो. उपकरणासाठी घेतलेली आणि ॲपला मॅप करून दिली जाणारी मेमरी शून्य भरूनच हातात पडावी. लिनक्सने डीएमए-अलॉक-कोहेरंटबाबत २०१९ च्या ५.० पासून हे सगळीकडे लागू केले, विंडोजने २०२० पासून पुढे केलेल्या एक्स-ॲलोकेट-पूल-टू मध्ये तोच नियम ठेवला; आपल्या खासगी हीपमध्ये मागच्या ॲपची फ्रेम पुढच्याला दिसू शकते. विंडोजकडूनच घेण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे चार अक्षरी टॅग : कोणी किती मेमरी धरून ठेवली आहे हे चालू मशीनवर, ड्रायव्हरच्या नावानिशी दिसले पाहिजे. आज बोर्डावरची मेमरी कुठे गेली हे शोधताना आम्ही एकेक मॉड्यूल काढून बघतो, ही अभियांत्रिकी नव्हे. आणि बाहेरून जोडता येणाऱ्या उपकरणांसाठी बफर पूर्ण पानांचेच द्यावेत. केंब्रिज आणि राइस विद्यापीठांतल्या संशोधकांनी इतरांसह २०१९ मध्ये मांडलेल्या थंडरक्लॅप या कामाने दाखवले की आयओएमएमयू पानाच्या मापात राखण करतो. ४ केबीच्या पानावर आपला २०० बाइटचा बफर असेल तर उरलेल्या शेजाऱ्यांचा माल उपकरणासमोर उघडाच असतो.

आता आपल्या आक्षेपांकडे वळू. यातले बरेचसे आम्ही बैठकांत ऐकलेले आहेत.

आयओएमएमयूला जागा लागते, वीज लागते, आणि त्याच्या भाषांतराच्या कॅशमध्ये नोंद सापडली नाही की डिस्प्लेसारख्या वेळेच्या पक्क्या उपकरणाला धाप लागते. हे खोटे नाही. स्वस्त चिपमध्ये तो प्रत्येक उपकरणापुढे बसवा असे आम्ही म्हणतच नाही. तीन नावे घेतली आहेत, कारण मोठे सलग बफर त्या तिघांनाच लागतात. यूएआरटीला आयओएमएमयू देऊन काही साधणार नाही. उलट बाजूचा खर्चही ताळेबंदात धरावा : कायमची कापून ठेवलेली मेमरी ही विकत घेतलेली रॅमच असते.

जुने ग्राहक जुन्या फंक्शनांवर आहेत, ती काढता येत नाहीत, हा दुसरा आक्षेप. काढू नका. जाहीर करा की ती जुनी झाली, वापरली तर कंपायलरला इशारा द्यायला सांगा, दोन प्रमुख आवृत्त्यांनंतर मग काढा. लिनक्सला पीसीआयची फंक्शने काढायला वर्षे लागली, विंडोजही जुने पूल फंक्शन एका रात्रीत बंद करून बसले नाही. आमचा राग जुनेपणावर नाही. नवे बोर्ड, नवी चिप आणि नमुना कोडमध्ये पुन्हा तीच ओळ, यावर आहे.

तिसरा आक्षेप वेगाचा. ताबा देणे-घेणे, दिशा सांगणे, नक्कल करणे, यात सायकल जातात. जातात. पण कॅश जुळवून घेणाऱ्या मशीनवर सिंकची फंक्शने जवळजवळ फुकट असतात, आणि जिथे ती महाग पडतात तिथे ती वगळणे म्हणजे चुकीचे उत्तर लवकर देणे आहे. खरोखर वेग हवा असेल तर बफर एकदाच मॅप करून फिरवत ठेवण्याची, नेटवर्क ड्रायव्हरांत रुळलेली पेज पूलची वाट मोकळी आहे. ती आपल्या कॅमेरा आणि ऑडिओच्या चौकटींतही आणून द्या, आम्ही वापरू.

संघटना म्हणून आमच्याकडून काय, हाही रास्त प्रश्न आहे. सभासदांनी नव्या ड्रायव्हरमध्ये झोनचे फ्लॅग वापरायचे नाहीत असे ठरले आहे. डीएमए तपासणी आणि मुद्दाम नकार या दोन्ही गोष्टी चालू ठेवलेली बिल्ड आम्ही प्रत्येक रिलीजआधी चालवू आणि आपल्या कोडमध्ये जे सापडेल ते लॉगसह आपल्याला कळवू, पॅच जमला तर पॅचसह. हे काम बिलात लावणार नाही. कॅश लाइनमध्ये बफर कुठे बसतो ते दाखवणारा छोटा तपासणी प्रोग्रॅमही काही सभासदांनी लिहिला आहे, तो मागेल त्याला मिळेल.

आपल्याकडून लेखी उत्तर अपेक्षित आहे, मागणीनिहाय : मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य, आणि अमान्य असल्यास कारण. पहिली आणि चौथी मागणी पुढच्या बोर्ड सपोर्ट पॅकेजमध्येच बसू शकते, कारण त्यांना फक्त कोड वाचून दुरुस्त करावा लागतो. दुसरीतला आयओएमएमयूचा भाग सिलिकॉनच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे हे आम्हाला समजते. त्याबाबत निदान कोणत्या पिढीत हे कळावे. ज्या पुरवठादाराचे उत्तर येणार नाही, त्याच्या बोर्डावरचे नवे काम घेताना आमचे सभासद अंदाजपत्रकात मेमरीविषयक दुरुस्तीचे मनुष्यदिवस वेगळ्या ओळीत दाखवतील आणि ग्राहकाने ती ओळ कशाची असे विचारले तर हे पत्र त्याच्या हाती देतील.

आपली विश्वासू,
कार्यकारिणी,
ड्रायव्हर लिहिणाऱ्या अभियंत्यांची संघटना, पुणे